किरकोळ अण्णा

आमच्या सोसायटीतल्या अण्णांची गाडी कुठेही आपटली की अण्णा शांतपणे खाली उतरतात, कमरेवर हात ठेवून एक चक्कर मारतात, अंगठ्याला थुंकी लावून ओरखडा पुसतात आणि जाहीर करतात, "किरकोळ आहे." पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं काढलेला माणूस. पाहणी, अहवाल आणि मंजुरी दीड मिनिटात उरकतात. "नोकरीत असताना हा वेग कुठे होता?" असं काकू विचारतात.

गेल्या पावसाळ्यात नळ स्टॉपपाशी पुढच्या टेम्पोने कचकन ब्रेक मारला. अण्णांनी गाडी डावीकडे घातली. चाक फूटपाथच्या दगडावर आदळलं आणि बंपरचा कोपरा टेम्पोच्या लोखंडी अँगलमध्ये घुसला. अण्णा अंगठा ओला करेपर्यंत आत गेलेला बंपर 'टप्' करून बाहेर आला.

"बघा! आपली आपण बरी झाली."

बंपर हे नुसतं वरचं प्लॅस्टिक. ते उडी मारून जागेवर येतं, पण त्यामागची लोखंडी पट्टी आणि तिच्यामागचा रेडिएटर काही उड्या मारत नाहीत, हे मी सांगून पाहिलं. अण्णांनी माझ्याकडे कंत्राटदाराकडे बघावं तसं बघितलं.

मग गाडी स्वतःच सांगू लागली. बॉनेट आणि मडगार्डमधली फट उजवीकडे नख जाईल एवढी होती, डावीकडे करंगळी जायची. "इंजिनाला हवा नको?" अण्णा म्हणाले. डावा हेडलाइट रस्ता सोडून समोरच्या इमारतीची गॅलरी दाखवू लागला. "वाळत घातलेले कपडे दिसतात, चांगलंच आहे की!" पुढचा डावा दरवाजा आधी पोस्टाच्या शिक्क्यासारखा 'ठप्' वाजायचा, आता तो पत्र्याच्या डब्यासारखा वाजे. "जोरात लावायचा, व्यायाम होतो."

मग गाडीखाली थारोळं दिसलं.

"एसीचं पाणी," अण्णा म्हणाले.

"हिरवं?"

अण्णांनी बोट बुडवून वास घेतला. "हे बघा, जगातलं प्रत्येक धरण थोडं पाझरतंच. म्हणून काय कुणी धरण दुरुस्तीला गॅरेजात नेतं?"

काकूंचं माहेर शनिवार पेठेतलं. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा घरातलं सगळं सामान पाण्यात गेलेलं. त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "पानशेतलाही आदल्या दिवशी असंच म्हणाले असतील." त्या दिवसापासून डिकीत पाण्याचे दोन कॅन आले. खंबाटकीच्या चढावर इंजिनाचा काटा वर सरकला की अण्णा गाडी बाजूला घेत, इंजिन थंड व्हायची वाट बघत आणि देवाला अभिषेक करावा तसं रेडिएटरमध्ये पाणी ओतत.

पण खरी गंमत स्टिअरिंगची. हात जरा सैल सोडला की गाडी डावीकडे धावायची. अण्णांनी तक्रार केली नाही, जुळवून घेतलं. सरळ जायचं तर स्टिअरिंग उजवीकडे कलतं धरायचं. काही दिवसांनी उजवा खांदा दुखू लागला. खांद्याला मलम लावत अण्णा म्हणाले, "वय झालं." गाडीचं दुखणं खांद्यावर घेतील, पण गॅरेजात जाणार नाहीत!

याचं गुपित एकदा चहाच्या वेळी फुटलं. सलग पाच वर्षं क्लेम न केल्यामुळे विम्यात त्यांना ५० टक्के नो क्लेम बोनस मिळत होता. एक क्लेम केला की तो पुढच्या वर्षी शून्यावर! अण्णा तो बोनस पदवी मिळाल्यासारखा सांगत. सूट पुऱ्या हप्त्यावर नसते, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावरच असते, हा तपशील त्यांच्या लेखी किरकोळ होता.

शेवटी टायरमधली हवा गेली म्हणून पंक्चरवाल्याला बोलावलं. त्याने चाक काढलं, आतल्या कडेवरून हात फिरवला आणि हात झटकन मागे घेतला.

"काका, तार लागतीय हाताला."

अण्णांनी चष्मा पुसला. टायरच्या बाहेरच्या अर्ध्या भागावर नक्षी शाबूत होती आणि आतली कड पार गुळगुळीत. अण्णा दर महिन्याला टायर तपासत असत, पण उभं राहून. वाकून आत बघायचं कधी सुचलंच नव्हतं.

गॅरेजच्या मिस्त्रींनी गाडी वर उचलली. लोअर आर्म वाकलेला, चाक मागे सरकलेलं, रेडिएटर चिरलेला, बंपरमागची पट्टी दुमडलेली. "हे त्याच आठवड्यात आणलं असतं तर क्लेम झाला असता, टायरही वाचले असते," मिस्त्री म्हणाले. बिल बघून काकूंनी बोनसचा आकडा विचारला. अण्णांनी तो पहिल्यांदाच हळू आवाजात सांगितला.

चार दिवसांनी गाडी घरी आली. फट दोन्हीकडे सारखी, दरवाजा पुन्हा 'ठप्', स्टिअरिंग हात सोडला तरी सरळ. अण्णा खुशीत सोसायटीच्या फाटकातून आत वळले आणि आठ महिन्यांच्या सवयीने त्यांचे हात स्टिअरिंग उजवीकडे कलतं धरून बसले. गाडीने इमानदारीत ऐकलं. उजवा आरसा फाटकाच्या खांबाला लागला आणि दाराखालून लांबलचक 'खर्रर्र' असा आवाज आला.

वॉचमन धावला. मी गॅलरीत उभा होतो. अण्णा उतरले, कमरेवर हात ठेवून एक चक्कर मारली आणि अंगठा तोंडाकडे नेला. तेवढ्यात वरून काकूंचा आवाज आला, "अहो, आज वाकून बघा!"