पाहुण्यांना मुंबईच्या बागा दाखवण्याची रीत

बुधवारी निघू नये. पाहुण्यांना मुंबईतल्या बागा आणि स्मारके दाखवायची असतील तर हे एवढे पथ्य पाळावे, बाकीची चुकली तरी चालतात. राणीची बाग बुधवारी बंद असते. तिच्या आवारातले भाऊ दाजी लाड संग्रहालयही बुधवारीच बंद असते. आणि पाहुणे हटकून बुधवारीच मोकळे असतात, कारण मंगळवारी सिद्धिविनायकाची रांग झालेली असते आणि गुरुवारी परतीचे रिझर्वेशन असते.

बायकोचे मामा कराडहून आले तेव्हा मी त्यांना भायखळ्याला नेले आणि बंद फाटक दाखवले. मामांनी ते बारकाईने पाहिले, एकदा हात लावूनही पाहिला. "चांगलं हाय," म्हणाले. मग आम्ही रस ओढून घरी आलो. खालील मार्गदर्शन त्यानंतरच्या चार दिवसांच्या अनुभवावर आधारलेले आहे. ते यजमानांसाठी आहे. मुंबईकर माणूस या जागा शाळेच्या सहलीत एकदा पाहतो आणि त्यानंतर थेट पाहुणे आल्यावर. मधल्या तीस वर्षांत त्याला त्यातले काहीही आठवत नसते. पण पाहुण्यासमोर ते कबूल करायचे नसते.

तर, नावावर जाऊ नये. या शहरात ज्या गोष्टीचे नाव जिथे असते तिथे ती गोष्ट सापडतेच असे नाही. फोर्टात किल्ला नाही, चर्चगेटला गेट नाही. किल्ल्याची तटबंदी 1860 च्या दशकात पाडली, तिच्याबरोबर दरवाजाही गेला. नावे मात्र कोणी पाडली नाहीत. पाहुण्याने याबद्दल विचारले तर "असंच म्हणतात" एवढे उत्तर पुरते. तपशिलात शिरलात की पुढचा प्रश्न येतो.

मलबार हिलचे हँगिंग गार्डन या बाबतीत अवघड ठाणे आहे. मामा आत शिरले, झुडपे कातरून केलेले हत्ती-जिराफ पाहिले, पूर्ण फेरी मारली, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "जावईबापू, हितं लोंबकळतंय काय?"

मी म्हणालो, असंच म्हणतात.

"पर लोंबकळत न्हाई."

इथे यजमानाने घाबरू नये. खालची जमीन दाखवावी आणि सांगावे की ही जमीन नव्हेच, छप्पर आहे. बाग पाण्याच्या टाकीच्या डोक्यावर वसवलेली आहे आणि याच जलाशयातून दक्षिण मुंबईला पाणी जाते. मामांनी जमिनीवर दोनदा पाय आपटून पाहिला. ते शेतकरी, पाण्याच्या गोष्टीला मान देतात. त्यानंतर लोंबकळण्याचा विषय निघाला नाही, मात्र टाकीला झाकण म्हणून बाग करणाऱ्या माणसाबद्दल ते दिवसभर आदराने बोलत होते. बागेचे खरे नाव फिरोजशहा मेहता उद्यान. मेहतांचा पुतळा पाहायचा हट्ट पाहुण्याने धरला तर त्याला सीएसएमटीसमोर महापालिकेच्या मुख्यालयापाशी न्यावे लागते, हेही सांगून ठेवतो.

समोरच्या कमला नेहरू पार्कात म्हातारीचा बूट आहे. लहान मुले बरोबर असतील तर हा टाळता येत नाही, नसतील तर टाळावा. बूट ज्या म्हातारीचा आहे ती इंग्रजी बालगीतातली. पोरे फार झाली म्हणून ती बुटात राहते. आपली म्हातारी लेकीकडे जाते, तूपरोटी खाऊन जाडजूड होते आणि भोपळ्यात बसून, वाघाला फसवून परत येते. दोघींत कर्तबगार कोण हे सांगायला नको. पण पिढ्यान्‌पिढ्या मराठी शाळांच्या सहली त्या बुटापुढे रांगेत उभ्या राहिल्या आणि एकाही गुरुजींनी भोपळा मागितला नाही. माझ्याही सहलीचा फोटो त्या बुटापुढचाच आहे. त्यात मी रडतो आहे; कारण आठवत नाही.

आता काळा घोडा. हा क्रम महत्त्वाचा आहे: आधी काळा घोडा, मग फ्लोरा फाउंटन आणि शेवटी राणीची बाग. उलटे गेलात तर काहीच समजत नाही. सुलटे गेल्यावर तरी समजते असे नाही, पण निदान गंमत येते.

काळ्या घोड्याला आज जो घोडा उभा आहे तो 2017 सालचा. त्यावर स्वार नाही. मामांनी चहूबाजूंनी पाहून विचारले, "राजा पडला का काय?" प्रश्न अगदी बरोबर होता. मूळचा पुतळा सातव्या एडवर्डचा, तो राजपुत्र असतानाचा. 1875-76 मध्ये तो हिंदुस्थानात येऊन गेला, त्याची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी तो करवून घेतला आणि 1879 साली तो इथे बसला. ब्राँझ काळपट, म्हणून लोकांनी नाव दिले काळा घोडा. वर बसलेल्या भावी सम्राटाची नोंदही कोणी घेतली नाही. नाव पडले ते घोड्याचे. 1965 साली स्वारी इथून राणीच्या बागेत हलवली. त्यानंतर बावन्न वर्षे या जागेला घोडाच नव्हता, तरी माणसे बिनदिक्कत "काळ्या घोड्याला भेटू" म्हणत होती आणि भेटतही होती.

तिथून चालत फ्लोरा फाउंटन. फ्लोरा ही रोमन लोकांची फुलांची देवता. तिचे हे कारंजे राणीच्या बागेसाठी योजलेले होते. बेत बदलला आणि 1864 मध्ये ते फोर्टात उभे राहिले, तेही पूर्वी जिथे चर्चगेट म्हणजे तो दरवाजा होता त्याच जागी. म्हणजे फुलांची देवी गाड्यांच्या धुरात आणि राजाचा घोडा बागेत. सरकारी नोकरीत बदल्या पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही. मामा जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. त्यांनी फक्त मान डोलावली. शेजारी हुतात्मा स्मारक आहे, मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार. तिथे मात्र मामांनी टोपी नीट केली, चपला काढल्या आणि थोडा वेळ गप्प उभे राहिले. यजमानाने अशा वेळी घड्याळ पाहू नये.

मग राणीची बाग. बुधवार नाही ना, हे पुन्हा पाहून घ्यावे.

ही बाग 1862 ची, नाव व्हिक्टोरिया गार्डन. आता पाटीवर वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. लोक आधीही राणीची बाग म्हणत होते, आताही म्हणतात. ज्या राणीवरून हे नाव पडले ती मात्र खरोखरच इथे मुक्कामाला आली आहे. व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा पूर्वी फोर्टात थाटात बसलेला होता. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी तो दिलेला. स्वातंत्र्यानंतर तो तिथून निघाला आणि संग्रहालयाच्या आवारात आला. कॉर्नवॉलिस आणि वेलस्लीही तिथेच आहेत. एकेकाळी चौकाचौकांत उभी असलेली ही मंडळी आता संग्रहालयाच्या मागच्या अंगाला शेजारी शेजारी आहेत आणि पुढून लोक पेंग्विनची चौकशी करत जातात.

व्हिक्टोरियापाशी थांबावे. पाहुणा पुणे-साताऱ्याकडचा असेल तर जास्त थांबावे. 1896 साली चापेकर बंधूंनी याच पुतळ्याला डांबर फासले आणि चपलांचा हार घातला. मी हे सांगितले मात्र, मामांनी चष्मा पुसला आणि पुतळ्याला फेरी मारली. कानामागे, बाहीच्या चुण्यांत, सगळीकडे पाहिले.

"डांबर दिसत न्हाई."

"त्रिभुवनदास गज्जर म्हणून मोठे रसायनशास्त्रज्ञ होते मामा. त्यांनी डाग काढले."

"उगा काढले," मामा म्हणाले.

घोडाही तिथे आहे, वर एडवर्डसकट. मामांनी तो लांबूनच ओळखला, बाजारात हरवलेले जनावर ओळखावे तसा. "ह्यो बघा, हितं हाय!" आसपासच्या चार माणसांनी वळून पाहिले. फोर्टातला रिकामा घोडा आणि इथला भरलेला घोडा असा हिशेब लागल्यावर त्यांना जे समाधान झाले, ते त्यांना समुद्र पाहूनही झाले नव्हते.

यापुढे हत्ती. संग्रहालयाबाहेर दगडाचा एक मोठा हत्ती उभा आहे. हा घारापुरीचा. पोर्तुगीजांनी त्याच्यावरून बेटाला एलिफंटा नाव दिले. 1864 मध्ये इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचे ठरवले. उचलताना क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. तुकडे मुंबईत आले आणि 1914 साली पुन्हा जोडले गेले. म्हणजे बेटाला नाव हत्तीचे आणि हत्ती भायखळ्याला. सांधे अजून दिसतात, पाहुण्याला दाखवावेत.

पेंग्विनबद्दल थोडक्यात. ते हम्बोल्ट जातीचे, मूळ पेरू-चिलीच्या किनाऱ्याचे. 2016 मध्ये सोलहून आठ जण आले. ते काचेपलीकडे, थंड हवेत असतात. मे महिन्यात त्या दालनात लोक इतके रेंगाळतात की पेंग्विनप्रेम म्हणावे की वातानुकूलनप्रेम, हे ठरवता येत नाही. मामांनी विचारले, "ह्यांचं लाईटबिल कोण भरतं?" मी म्हणालो, आम्हीच, महापालिकेच्या करातून. "मग नीट बघून घ्या," म्हणाले आणि मला पुढे ढकलले.

या बागेतले खरे पाहण्याजोगे म्हणजे झाडे, आणि ती कोणी पाहत नाही. गोरखचिंचेचा पिंपासारखा बुंधा, कैलासपतीची खोडालाच लागलेली फुले, आणि नशीब असेल तर उर्वशी फुललेली. यासाठी वेगळे तिकीट नाही, रांग नाही. मामा गोरखचिंचेखाली बसले आणि डबा तिथेच सोडला. मुंबईत आपण काहीतरी पाहिले असे मला तेवढ्या अर्ध्या तासात वाटले. यजमानाला असे वाटणे नियमबाह्य आहे.

शिवाजी पार्कचे काय, असे दादरचे वाचक विचारतील. तिथे अडचण अशी की सगळे जागच्या जागी आहे. 1927 पर्यंत त्या मैदानाला माहीम पार्क म्हणत, पण आता नाव महाराजांचे आणि पुतळाही महाराजांचाच. पाहुण्याला समजावण्यासारखे काही उरत नाही. कट्ट्यावर बसावे, पोरांचे क्रिकेट पाहावे, भेळ खावी.

मामा गुरुवारी गेले. आठवड्याने फोन आला. "जावईबापू, पुढल्या महिन्यात येतो. तो हत्ती जिथनं आणला ते बेट बघायचं हाय."

मी म्हणालो, मामा, तिथे हत्ती नाही.

"म्हणूनच," मामा म्हणाले. "रविवारी रातच्या गाडीनं येतो, सोमवारी सकाळी जाऊ."

घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात.