वाटीएवढं पोट

पोटाला चिमटा काढणे हा वाक्प्रचार मराठीत आजवर गरिबाच्या वाट्याला आला होता. आता तो चिमटा शल्यविशारद काढतात, दुर्बिणीतून, स्टेपलरने, आणि त्याचं बिल लाखांत येतं. ‘स्लीव्ह’ प्रकारच्या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे पाऊण भाग कापून काढतात. मागे उरते ती केळ्याच्या आकाराची नळी, तीत शंभर-दीडशे मिलिलिटर मावतात, म्हणजे आमटीची एक वाटी. ‘बायपास’मध्ये तर तीसेक मिलिलिटरची पिशवी राहते, पोह्याच्या दोन चमच्यांची. एवढं करून रोगी घरी येतो आणि घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘आता काही दिवस हलकंच खायला द्या हो.’ माझं भांडण या ‘हलकं’ शब्दाशी आहे. वजन उतरवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर पथ्य मोडतं ते रोग्याच्या जिभेमुळे, असा सर्वत्र समज आहे. मला ते बऱ्याचदा घरच्यांच्या मायेमुळे मोडताना दिसतं.

पथ्याच्या पायऱ्या आपल्याला कोणी शिकवायला नकोत. आधी नितळ पातळ पदार्थ, मग दोनेक आठवडे जरा दाट, मग कुस्करलेलं, मग मऊ, आणि सहा-आठ आठवड्यांनी नेहमीचं. प्रत्येक डॉक्टरचा तक्ता थोडा वेगळा असतो, पण क्रम हाच. पेज, मऊ भात, साबुदाण्याची खीर, वरणावरची निवळ यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या विषमज्वरातून उठल्या. पण विषमज्वराच्या रोग्याचं जठर शाबूत होतं. त्यानं पंधरा दिवस पेज प्यायली आणि सोळाव्या दिवशी पाच पोळ्या खाऊन हिशेब चुकता केला. इथे ती सोय नाही. दिवसाला निदान साठ ग्रॅम प्रथिनं हवीत आणि जागा वाटीची. बीडीडी चाळीतल्या एकशे साठ चौरस फुटांत संसार केलेल्या मुंबईकराला हे चटकन कळेल: तिथे आधी अंथरुणाची जागा ठरते, सोफ्याचा विचार मागाहून. प्रथिनं हे अंथरूण. साबुदाणा हा सोफा. शंभर ग्रॅम साबुदाण्यात एक ग्रॅमही प्रथिन नसतं, पण खोली मात्र तो भरून टाकतो. वरणाच्या निवळीचंही तेच, कारण डाळ तळाशी बसते आणि प्रथिनं तिच्याबरोबर. अंड्यात सहा ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये साधारण अठरा. साठाचा आकडा गाठायला किती घासांची आखणी करावी लागते ते यावरून मोजावं. तो आकडा गाठला नाही की शरीर स्वतःचे स्नायू मोडून खातं आणि वजनकाटा ते पाहून खूश होतो. काट्याला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: ‘एवढं मोजून खायचंच होतं तर आधीच खायचं, पोट कशाला कापून घेतलं?’ प्रश्न ऐकायला बिनतोड आहे. पण भुकेनं पोटात कावळे कोकलतात म्हणतो ना, त्यांतल्या एका मोठ्या कावळ्याचं नाव ग्रेलिन. कोजिमा आणि कांगावा या जपानी शास्त्रज्ञांनी 1999 साली तो शोधला. हे संप्रेरक प्रामुख्यानं जठराच्या वरच्या भागात तयार होतं आणि उपासमार करून वजन घटवलं की ते वाढतं. म्हणजे जो निग्रहानं कमी खातो, त्याच्याच पोटात कावळ्यांचं संमेलन भरतं. स्लीव्हमध्ये त्यांचं झाडच बरंचसं तोडलं जातं. निग्रहाची थोरवी सांगणाऱ्यांनी आधी आपल्या झाडावर किती कावळे आहेत ते मोजावं.

दुसरा आक्षेप मला अधिक मान्य आहे: ‘घरचं अन्न सोडून डब्यातली पावडर आणि मूठभर गोळ्या कशाला?’ अन्न घरचंच असावं. मुगाचं दाट कढण, पातळ पिठलं, मऊ शिजवलेला मासा, त्या-त्या पायरीवर सगळं चालतं. पावडर सुरुवातीला लागते, कारण तेव्हा चमच्यानं मोजून घ्यावं लागतं. गोळ्यांना मात्र पर्याय नाही. ‘आजीला कुठे लागल्या होत्या?’ आजीचं जठर अख्खं होतं. बी-12 शोषायला जठरातून पाझरणारा एक घटक लागतो, तो आता कमी पडतो. त्यातून शाकाहारी माणसाची बी-12ची शिल्लक मुळातच बेताची. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत दोन तासांचं अंतर हवं, आणि लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर अर्धी वायाच म्हणा. ओकाऱ्या थांबत नसतील तर मात्र विनोद बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांना फोन करावा. थायमिन संपलं की इजा थेट मेंदूला होते.

राहता राहिला आग्रह. बायपासवाल्यानं यजमानाच्या समाधानासाठी दोन जिलब्या खाल्ल्या, तर ती साखर धाडकन लहान आतड्यात उतरते आणि पाणी ओढून घेते. मग दहा मिनिटं ते अर्ध्या तासात घाम, धडधड, पोटात मुरडा. घरच्यांना वाटतं दृष्ट लागली. (श्रीखंड होण्याआधीचा चक्का याच माणसाला उत्तम मानवतो, बिघडतं ते साखर पडल्यावर.) घास वीस-तीस वेळा चावायचा, जेवण अर्धा तास चालवायचं. कार्यालयात पुढच्या पंगतीची मंडळी खुर्चीमागे येऊन उभी राहतात तिथे हे योगसाधनेइतकं कठीण. जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही, आणि तरी दिवसाला दीड लिटर तरी पोटात जायला हवं, तेही घोटाघोटानं. तेव्हा आग्रहाशिवाय ज्यांना चैन पडत नाही, त्यांनी तो पाण्याचा करावा. दोन जेवणांच्या मध्ये, एकेक घोट.