अगं बाई, जांभळा उजेड!

ऐकलंत का? नेदरलँड्समधल्या ॲमस्टेल नदीकाठच्या उइटहॉर्नला संसार थाटणाऱ्या मराठी माणसाला पहिला धक्का म्हणे थंडीचा बसत नाही, स्वयंपाकघरातल्या नळाचा बसतो. तिथले लोक नळाचं पाणी थेट पितात! न उकळता! भिंतीवर ॲक्वागार्ड नाही आणि पाण्यात क्लोरिनसुद्धा नाही. शिव शिव!

पण आतली गोष्ट पुढेच आहे. याच उत्तर हॉलंड प्रांतात, अँदाइकच्या जलशुद्धीकरण केंद्रात, आयसेलमेर सरोवराचं पाणी २००४ पासून हायड्रोजन पेरॉक्साइड घालून अतिनील (यूव्ही) दिव्यांपुढून नेतात. ॲक्वागार्डमधला जो दिवा आपण भिंतीवर मिरवतो, तो यांनी गुपचूप पाइपात कोंडलाय. चोरटे कुठले!

मग आलं २०२० आणि हा दिवा चव्हाट्यावर आला. जूनमध्ये आइंडहोव्हनच्या सिग्निफायने, म्हणजे पूर्वाश्रमीच्या फिलिप्स लाइटिंगने, बॉस्टन विद्यापीठातल्या चाचणीचे आकडे जाहीर केले: चौरस सेंटीमीटरला ५ मिलिज्यूल मात्रा पडली की ६ सेकंदांत करोनाचे ९९ टक्के विषाणू निकामी. लोकांनी ६ सेकंद तेवढे पाठ केले. मात्रेचं कोण वाचतो?

झालं! मोबाइल, नोटा, किल्ल्या, दुधाच्या पिशव्या, सगळ्यांना दिव्याच्या डब्यात बसवलं. कुणी हातातली यूव्ही कांडी कोथिंबिरीवरून आरतीसारखी ओवाळली. आता ऐका, जिथे किरण पडतात तिथलाच विषाणू निकामी होतो. त्याचा आरएनए बिघडतो आणि वंशवाढ खुंटते. पानाच्या सावलीतला सुखरूप! शिवाय कामाचे २५४ नॅनोमीटरचे किरण डोळ्यांना दिसतच नाहीत. तो मोहक जांभळा उजेड जंतू मारत नाही, गिऱ्हाईक पटवतो. भर पत्रकार परिषदेत अमेरिकेच्या अध्यक्षांनी हा उजेड शरीराच्या आत सोडता येईल का, असं विचारलं, मग शेजारच्या वहिनींना काय नावं ठेवायची?

हात आणि कातडी या दिव्याने निर्जंतुक करू नका, असं जागतिक आरोग्य संघटना कानीकपाळी ओरडत होती. ऐकतं कोण? नोव्हेंबर २०२३ मध्ये हाँगकाँगला माकडांची डिजिटल चित्रं विकत घेणाऱ्या श्रीमंतांची पार्टी झाली. रोषणाईत अतिनील किरण सोडणारे दिवे होते. पाहुणे थिरकले, घरी गेले आणि कित्येकांचे डोळे आगीसारखे जळू लागले. चित्रं लाखांची, डोळे मात्र फुकटचे!

आमच्यापुरतं सांगायचं तर कुलीन दिवा तोच, जो पाइपात किंवा एसीच्या नळीत तोंड लपवून पुरेसा वेळ राबतो. हातात घेऊन मिरवायचा दिवा म्हणजे निव्वळ नखरा. आणि एवढं ऐकूनही कुणी 'मग कांडी कुठल्या कंपनीची घेऊ?' असं विचारलंच, तर आपली ओळख नाही हं!