ताशी शंभर, गुण एकसष्ट

मुलगी पुण्याहून आली आणि जाताना माझ्या फोनमध्ये एक परीक्षक बसवून गेली. "बाबा, गाडी निघाली की हे ॲप आपोआप सुरू होतं. तुम्ही गाडी कशी चालवता ते सांगतं." मी म्हटलं, ते सांगायला तुझी आई आहे. त्यावर ती म्हणाली, "आई बोललेलं तुम्ही विसरता. हे लिहून ठेवतं." आयुष्यभर कॉलेजात दुसऱ्यांचे पेपर तपासले आणि निवृत्तीनंतर असा मीच परीक्षेला बसलो.

पहिला पेपर अमरावती ते अकोला. अकोला ही माझी सासुरवाडी. अंतर साधारण ९५ किलोमीटर. गुण पडले ६१. आमच्या काळी साठाला फर्स्ट क्लास मिळे, म्हणून मी खूश झालो. पण ॲपने तो आकडा नारिंगी रंगात दाखवला होता, आणि नारिंगी म्हणजे धोका असं मुलीने फोनवर सांगितलं. बायको म्हणाली, "संत्र्याच्या जिल्ह्यातली माणसं आपण. दुसरा कोणता रंग येणार?"

खाली गुन्ह्यांची यादी होती. जोरात ब्रेक, सात वेळा. एकदम वेग, चार वेळा. चालवताना फोन हाताळला, एकदा. या शेवटच्या कलमावर माझा तीव्र आक्षेप आहे. फोन मी हातात घेतला तो त्यानेच टिंग केलं म्हणून, आणि पाहतो तर काय, तो मला सुरक्षित प्रवासाच्या शुभेच्छा देत होता.

या परीक्षकाला डोळे नसतात, हे मला नंतर कळलं. फोनच्या पोटात सिलिकॉनचा एक बारीक तुकडा असतो. पुढे-मागे, डावी-उजवी, वर-खाली अशा तिन्ही दिशांचे हिसके त्याला कळतात. वळण कळायला आणखी एक तुकडा, आणि वेग व जागा कळते उपग्रहांवरून. म्हणजे हिसका बसला एवढं तो जाणतो, का बसला ते नाही. बडनेऱ्याच्या पुढे पाच म्हशी रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून विचार करत होत्या. मी ब्रेक दाबला, म्हशी वाचल्या, माझे गुण गेले. म्हशीसाठी त्या ॲपमध्ये रकानाच नाही.

पण खोटं कशाला बोलू? म्हशींचा ब्रेक एकच. उरलेले सहा माझे होते. सरकीच्या ट्रकच्या अगदी शेपटीला गाडी लावायची, ओव्हरटेकला जागा शोधायची, ती नाही मिळाली की कचकन ब्रेक. फोनवरच्या नकाशात त्या सहा जागी सहा लाल ठिपके पडले होते.

दोष थोडा रस्त्याचाही आहे. हा साधा रस्ता नाही बाप्पा! २०२२ च्या जून महिन्यात, ३ तारखेच्या सकाळपासून ७ तारखेच्या संध्याकाळपर्यंत, याच अमरावती–अकोला मार्गावर ७५ किलोमीटरची एक डांबरी लेन सलग घातली गेली. १०५ तास ३३ मिनिटं काम थांबलं नाही. ७२० माणसं पाळ्यापाळ्यांनी राबत होती. जूनच्या त्या उन्हात, वर तापलेलं डांबर! गिनीज बुकात त्याआधी कतारच्या दोह्याचं नाव होतं, २५ किलोमीटरच्या जरा वर. तेव्हापासून आमच्याकडच्या प्रत्येक ड्रायव्हरला वाटतं, रस्त्याने विक्रम केला, आता आपली पाळी. गंमत म्हणजे पुढच्याच महिन्यात विमा नियामकाने विमा कंपन्यांना मोकळीक दिली, गाडी जशी चालवाल तसा हप्ता, अशी जोड पॉलिसीला द्यायची. जूनमध्ये पळायला रस्ता, जुलैमध्ये पळणाऱ्यावर नजर.

एका दुपारी मी कागदावर हिशेब मांडला. ९५ किलोमीटर ताशी ८० ने गेलो तर ७१ मिनिटं. ताशी १०० ने गेलो तर ५७. म्हणजे जीव मुठीत धरून, बायकोला दरवाजाच्या हँडलला लटकवून मी कमावतो १४ मिनिटं. आणि मूर्तिजापूरच्या फाट्यावर चहाला थांबलो की "काहून भाऊ, लय दिवसांनी?" पासून सुरू झालेली गोष्ट कपाशीचा भाव आणि कोणाच्या तरी पोराची सोयरीक करत पाऊण तासाने संपते. याच मूर्तिजापुरातून शकुंतला रेल्वे निघायची, यवतमाळपर्यंत ११३ किलोमीटर, नॅरोगेजवरून, डुलत डुलत. तिच्यात बसलेल्यांची आम्ही मुलं. घाई आमच्या रक्तात नाही. ती आम्ही गाडीबरोबर शोरूममधून आणली.

हिशेब कळला तरी पाय ऐकेना. ६१ चे ६४ झाले, मग ५८. पुण्याहून "बाबा, हे काय?" असा फोन.

मग आला लोणच्याचा महिना. अकोल्याहून परत निघताना सासूबाईंनी चिनी मातीची बरणी मागच्या सीटवर ठेवली, फडकं बांधलेली, गळ्यापर्यंत तेल. बजावलं, "जवाई, सांभाळून न्याजा बरं. मांगच्या खेपी अर्धं तेल गाडीनंच पेलं." ते खरं होतं. सीटला अजून हिंग-मेथीचा वास आहे.

बायको मागे बरणीला धरून बसली. बोरगाव मंजूपर्यंत मी साठच्या वर गेलो नाही. ट्रकपासून लांब राहिलो. गतिरोधक दिसला की लांबूनच पाय सैल. वळणावर गाडी अशी फिरवली, जशी झोपलेल्या बाळाची कूस बदलावी. ट्रॅक्टर पुढे गेले, संत्र्यांचे पिकअप गेले, एक म्हातारा लुनावरून गेला आणि जाताना काळजीने वळून पाहून गेला. म्हशी पुन्हा होत्या. त्यांना पाहून मी इतक्या लांबून वेग कमी केला, की मी पोचेपर्यंत त्या विचार संपवून निघून गेल्या होत्या.

घरी आलो. फडक्यावर तेलाचा डाग नव्हता. फोन उघडला तर गुण ९६, हिरवे. खाली एक प्रश्नही होता. हा प्रवास माझ्या नेहमीच्या सवयींशी जुळत नव्हता, म्हणून ॲप विचारत होतं: या प्रवासात आपण चालक होता की प्रवासी?

मी चष्मा शोधेपर्यंत बायकोने बोट ठेवलं होतं. प्रवासी.