चार ओळींचं मन

मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकाच्या वहीत प्रत्येक प्रयोगाच्या शेवटी एक लहानसा मथळा असतो: अंतर्निरीक्षण अहवाल. खाली चार ओळी मोकळ्या. हेतू, साहित्य, कार्यपद्धती, तक्ते, आलेख, निष्कर्ष अशी सगळी मंडळी थाटात पुढे निघून गेलेली असतात आणि वरातीत सगळ्यात मागे राहिलेल्या आत्याबाईसारखा हा मथळा आपला पदर सावरत येतो. ज्याच्यावर प्रयोग झाला त्या प्रयुक्तानं, प्रयोग चालू असताना आपल्या मनात काय चाललं होतं ते इथं सांगायचं. बालवाडीपासून बी.ए.पर्यंतच्या उभ्या शिक्षणात ‘तुला काय वाटलं?’ असं पोराला बहुधा इथंच पहिल्यांदा विचारतात. आणि पोरगं त्याचं उत्तर मागच्या वर्षीच्या वहीतून उतरवून काढतं.

यवतमाळात आणि आसपासच्या गावांत नात्यागोत्यातल्या मुलामुलींच्या अशा वह्या मी आवडीनं चाळत आलो आहे. ‘सुरुवातीला थोडी भीती वाटली. नंतर मजा आली. प्रयोग आवडला.’ स्मरणाचा प्रयोग असो की अवधानाचा, प्रयुक्त उमरखेडचा असो की वणीचा, आधी भीती आणि मग मजा हा क्रम काही चुकत नाही. कुणा पूर्वजानं कधीतरी घाईत भीतीतला ‘भी’ ऱ्हस्व काढला असावा. ती ‘भिती’ पुढं तुकडीमागून तुकडी वारसाहक्कानं उतरत आली, सातबाऱ्यावरच्या चुकीच्या नावासारखी. दुरुस्त करायला कुणाला सवड नाही, आणि तिच्यावाचून कुणाचं अडतही नाही.

गंमत अशी की हे शास्त्र मुळात या चार ओळींतूनच उभं राहिलं. जर्मनीतल्या लाइपझिग गावी १८७९ साली विल्हेल्म वुंट यानं मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली. तिथं आपल्या मनात डोकावून सांगणं हेच मोठं काम होतं, आणि ते येरागबाळ्याचं मानत नसत. दहा हजार वेळा सराव केल्याशिवाय तिथल्या माणसाचं म्हणणं छापण्याजोगं धरत नसत, असं सांगतात. हर्मान एबिंगहाउस तर त्याहून एकटा. अर्थ नसलेल्या शब्दांशांच्या याद्या करून तो स्वतःच पाठ करी, स्वतःच विसरे, आणि किती विसरलो याचा हिशेब स्वतःच मांडे. १८८५ साली त्याचं पुस्तक निघालं. प्रयोग करणाराही तोच, प्रयुक्तही तोच. आपल्याकडं मुलं आधी पाठ करतात आणि मग विसरतात. एबिंगहाउसनं या विसरण्याचाच वक्र काढला, एवढाच काय तो फरक.

म्युलर-लायर भ्रमाची गोष्ट मला याहून आवडते. दोन सारख्या रेघा. एकीच्या टोकांना पिसारा उघडलेला, दुसरीच्या टोकांना बाणासारखा मिटलेला. पिसाऱ्याची रेघ लांब वाटते. पण सगळ्यांना सारखीच नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी रिव्हर्स नावाच्या इंग्रज संशोधकानं निलगिरीतल्या तोडा लोकांना हा भ्रम दाखवला, तर ते इंग्रजांपेक्षा कमी फसले. पुढं १९६६ साली सेगल आणि त्याच्या सोबत्यांनी बऱ्याच समाजांतून पाहणी करून असा तर्क मांडला की चौकोनी खोल्यांत आणि काटकोनी भिंतींत वाढलेला डोळा जास्त फसतो. आता झरी जामणीकडच्या एखाद्या कोलाम पोडावरनं आलेल्या मुलाला या दोन रेघा जवळपास सारख्याच दिसल्या तर? दिसतीलच असं नाही, पोडावरही आता घरकुलांच्या चौकोनी भिंती आल्या. पण दिसल्या तरी त्याच्या वहीत ‘भ्रम आढळला’ असंच येणार, कारण निष्कर्ष प्रयोगाच्या आधीच सुवाच्य अक्षरात लिहून तयार असतो. खरं तर तो मुलगा त्या क्षणी रिव्हर्सच्या रांगेत उभा असतो. कुणी त्याला तसं सांगत नाही.

पावलोव्हच्या कुत्र्याबद्दल मला फारसं बोलायचं नाही. त्याची लाळ आजवर इतक्या उत्तरपत्रिकांत गळली आहे की त्याला आता आराम द्यावा. त्याऐवजी बाजारातून परतताना धुरकरी झोपला तरी गाडी नेमकी घराच्या फाटकाशी आणणारी आपली बैलजोडी एखाद्या प्रश्नात यावी, एवढंच वाटतं.

शिक्षण सुधारायला समित्या बसतात. सत्रं येतात, श्रेयांक येतात, जुनी पाठ्यपुस्तकं जाऊन नवी येतात, येवोत बापडी. माझी मागणी त्या मानानं फारच किरकोळ आहे. चार ओळींच्या चौदा करा, आणि ‘प्रयोग फसला’ असं प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याचे गुण कापू नका. रसायनशास्त्रवाल्यांना आम्ल विकत आणावं लागतं. इथला सगळा माल प्रत्येकानं घरूनच आणलेला असतो.

घाटंजीकडच्या एका गावात, नात्यातल्या मुलीनं परवा आरशातल्या रेखाटनाचा सराव मांडला होता. कॉलेजचं उपकरण घरी आणता येत नाही. मग दाढीचा आरसा, पुठ्ठ्याचा आडोसा आणि वहीच्या पानावर दुहेरी रेघांची चांदणी. हात आडोशामागं ठेवायचा, आरशात बघत दोन रेघांच्या मधून पेन्सिल न्यायची. प्रयुक्त म्हणून बाप बसला. दिवसभर वेचणीत असलेला, बोंडांच्या टोकांनी बोटं खरचटलेली. पहिल्याच कोपऱ्यावर पेन्सिल भलतीकडं गेली. “हात इकडं न्याव म्हनलं त तिकडंच जाते वं,” तो हसून म्हणाला. “मांगच्या सालचा भाव पाहून पेरलं का आपलं असंच होते.”

तिनं वेळ मांडली, चुका मोजल्या, आणि शेवटच्या मथळ्याशी आल्यावर नेहमीचं वाक्य न लिहिता चक्क विचारलं, “बाबा, काय वाटलं?”

तो थोडा वेळ चांदणीकडं बघत राहिला. मग म्हणाला, डोळा एक सांगते अन् हात दुसरंच करते, असं एकदा झालं होतं. २०१७ च्या फवारणीत. त्या साली जिल्ह्यात औषधाच्या विषबाधेनं वीसेक माणसं गेली. याला फक्त अंधारी आली होती; धुऱ्यावर बसून राहिला, दोन दिवस पऱ्हाटीची झाडं दोन-दोन दिसत होती. घरी सांगितलं नाही. का, ते त्यालाही सांगता येईना. तिची आई चुलीपासून उठून दारात येऊन उभी राहिली, कारण हे तिलाही नवीनच होतं. ओलितासाठी बारा वाजता लाईन यायची होती. तोवर तो बोलत होता. मधेच चांदणी पुन्हा काढून पाहिली, डाव्या हातानं. ती आधीपेक्षा बरी आली, आणि त्याचा त्याला फार आनंद झाला.

चार ओळींत हे काही बसेना. मुलीनं एक पान जास्तीचं लिहून वहीला टाचलं. परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेल्या सरांनी ते पान उलटसुलट करून पाहिलं, शेवटपर्यंत वाचलं, आणि विचारलं, “हे कोणत्या गाईडमधलं?”