बॉनेटकाका

रस्त्याच्या कडेला गाडी घेऊन तुम्ही बॉनेट उघडलंत की पाच मिनिटांच्या आत बॉनेटकाका हजर होतात. तिथे मोबाइलला रेंज नसेल, चहाची टपरी नसेल, पण काका असतात. वय साठीच्या पुढे, अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, खिशाला पेन, पायात चामडी सँडल. स्वतःची गाडी असतेच असं नाही. बहुतेकदा ते स्कूटरवर असतात. पण दुसऱ्याच्या बंद गाडीवर त्यांचा जेवढा जीव, तेवढा स्वतःच्या चालू स्कूटरवर नसतो.

आल्याआल्या ते काही विचारत नाहीत. मुलगी बघायला आलेल्या थोरल्या मामासारखी गाडीभोवती एक फेरी मारतात, टायरला सँडलचं टोक लावून बघतात आणि निकाल देतात, "काही नाही, कचरा आलाय."

गाडी पंक्चर असली तरी निकाल हाच. पण त्यामागे इतिहास आहे. काका घडले ते प्रीमियर पद्मिनीच्या जमान्यात. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या त्या गाडीत कचरा खरोखरच यायचा. टाकीच्या तळाचा गाळ कार्बोरेटरपर्यंत पोचायचा, जेट तुंबायचं. जेट काढून फुंकर मारली की गाडी चालू. उन्हाळ्यात घाटात पेट्रोलची वाफ होऊन पंप अडायचा, त्यावर ओलं फडकं टाकून बसायचं. पॉइंट काळे पडले की पॉलिश पेपरने घासायचे. फडकं, फुंकर आणि पॉलिश पेपर एवढ्या भांडवलावर माणसं मुंबईहून कोल्हापूरला जाऊन यायची. आता बॉनेट उघडलं की वर काळं प्लॅस्टिकचं झाकण दिसतं. काका त्यावर बोटांनी टकटक करतात आणि खेदाने म्हणतात, "सगळं झाकून ठेवलंय हो यांनी!"

तरीही काकांना उडवून लावू नये, कारण त्यांचा कान अजून शाबूत आहे. "सेल्फ मारा बघू," असं म्हणून ते डोळे मिटतात. नुसतंच टकटक झालं आणि डॅशबोर्डचे दिवे मंदावले, तर बॅटरी उतरली. सेल्फ दणक्यात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर बॅटरी निर्दोष. पेट्रोल तरी पोचत नाही किंवा ठिणगी तरी. काहीच आवाज नाही, तर आधी टर्मिनल हलवून बघायचं. ते सैल असतं, नाहीतर त्यावर पांढरी-हिरवी भुकटी साठलेली असते. कुणी मीटर काढलाच, तर काका त्याला हाताने बाजूला सारतात. "मीटर कशाला? हेडलाइट लावा आणि सेल्फ मारा. दिवा विझायला आला की समजायचं." मग मालकाला उलटतपासणी, "बॅटरी कधी बदलली होती?" मालक बायकोकडे बघतो. तीन-चार वर्षं झाली असतील, तर काका नुसतीच मान हलवतात.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून गाडी चालू करायची विद्या काकांना पक्की येते. लाल वायर दोन्हीकडे प्लसला, काळी आधी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. कारण बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटचं टोक लावताना ठिणगी उडते. पण वायर नसली की काका थेट चळवळ उभारतात. "चला, धक्का मारा!" दूधवाला, दोन कॉलेजकुमार आणि एक अनोळखी इसम गाडीला भिडतात. बरंच अंतर ढकलून झाल्यावर मालक खिडकीतून डोकं काढून सांगतो, "काका, ही ऑटोमॅटिक आहे." क्लचचं पेडलच नाही, तर गाडी धक्क्याने चालू होणार कशी? काका घाम पुसत म्हणतात, "मग आधी नाही का सांगायचं?"

काकांचं खरं तेज बघायचं तर मे महिन्यात खंबाटकी घाटात. पुण्याहून साताऱ्याकडे जाणारा चढ संपता संपता गाड्या बॉनेट वर करून वाफ सोडत उभ्या असतात. एक तरुण हाताला टॉवेल गुंडाळून रेडिएटरच्या झाकणाकडे निघालेला असतो.

"हात लावू नका!" काका रस्त्यापलीकडून ओरडतात.

"अहो काका, पाणी घालतोय नुसतं."

"पाणी घालाल आणि तोंड भाजून घ्याल. आत प्रेशर आहे. अर्धा तास थांबा."

ही एक आज्ञा काकांच्या सगळ्या चुका माफ करायला पुरेशी आहे. तापलेलं पाणी दाबाखाली असतं. झाकण सैल झालं की कारंजं थेट तोंडावर येतं. गाडी निवेपर्यंत काका खाली वाकून कुठे गळतंय का ते बघतात, बाटलीतली कूलंटची पातळी बघतात, फॅनचा फ्यूज तपासायला लावतात. वर पुढच्या वेळेसाठी उपदेश असतोच, "काटा लालकडे सरकला की एसी बंद आणि हीटर चालू. इंजिनची उष्णता आत ओढून घ्यायची." मे महिन्यात हीटर? मागच्या सीटवरच्या सासूबाई दचकतात. "माणसं उकडली तरी चालतील हो," काका समजावतात, "इंजिन उकडता कामा नये." उरलेल्या वेळात त्यांच्या जुन्या महाबळेश्वर सहलीचं साद्यंत वर्णन ऐकावं लागतं, ती त्यांची फी.

चाक बदलताना काका स्वतः वाकत नाहीत, सूत्रसंचालन करतात. पण क्रम अचूक असतो: हँडब्रेक ओढा, नट जमिनीवरच सैल करा, मग जॅक लावा, आणि शेवटी नट आवळताना समोरासमोरचे आवळा. सगळं यथासांग झाल्यावर कळतं की स्टेपनीतच हवा नाही.

काकांची एक खोड मात्र आहे. साधं कारण त्यांना कमीपणाचं वाटतं. इंजेक्टर, पंप, सेन्सर असं सगळं चर्चून झाल्यावर कुणीतरी काट्याकडे बघतं, तर टाकी कोरडी. आणि नव्या गाड्यांनी तर त्यांचा फारच अंत पाहिला. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकदा बटण दाबूनही गाडी ढिम्म हलेना. काकांनी बॉनेट उघडायला लावलं, उंदराने वायर कुरतडल्याचा संशय घेतला, तंबाखूची पानं ठेवण्याचा सल्लाही दिला. तेवढ्यात मालकाची शाळकरी मुलगी आली. "आजोबा, किल्लीतला सेल संपलाय," असं म्हणत तिने किल्ली त्या बटणालाच टेकवून धरली, बाबांना ब्रेक दाबायला लावला आणि गाडी चालू झाली. काका क्षणभरच गप्प राहिले. "तेच म्हणत होतो मी," ते म्हणाले, "करंट नाहीये."

तर वाचकहो, गाडी बंद पडली की आधी ती शक्य तितकी कडेला घ्या, चारही इंडिकेटर लावा, लाल त्रिकोण गाडीच्या बराच मागे ठेवा आणि माणसांना रस्त्यापासून दूर उभं करा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर 1033 फिरवा. पेट्रोलचा काटा स्वतः बघून घ्या, काका येण्याआधी. ते आले की निदान शांतपणे ऐका, आणि 'थांबा' म्हणाले तर निमूट थांबा. फक्त स्क्रू ड्रायव्हर मागितला, तर नाही म्हणून सांगा.