शाई दाखवा, पोहे खा

माणूस विचार करून वागतो, हा समज रात्री दहानंतर इंदूरच्या सराफ्यात टिकत नाही. घरी व्यवस्थित जेवून, हात धुऊन, 'नुसती चक्कर मारून येऊ' म्हणून निघालेला सभ्य गृहस्थ तिथे भुट्ट्याच्या किसाचा दुसरा द्रोण हातात धरून उभा सापडतो. भूक लागली होती का, असं विचारलं तर म्हणतो, "नाही हो, पाहुणे आले होते ना!" पाहुणे कडेला उभे राहून पोट धरून असतात.

दिवसा या गल्लीत सोनं-चांदी विकतात. दुकानांची शटरं खाली आल्यावर गल्ली जागती राहावी, म्हणून सराफांनीच खाण्याच्या ठेल्यांना दारात बसू दिलं, असं जुने लोक सांगतात. खरं असेल तर असा बंदोबस्त कुठल्या कोतवालाला सुचला नसता. सराफांना चोरांची भीती, गावाला भूक. एकीवर दुसरी पहाऱ्याला बसवली, आणि पहारेकरी वर स्वतःच पैसे मोजतो!

ग्रॅहम वॉलस नावाच्या इंग्रज प्राध्यापकानं 1908 साली राजकारणातल्या मनुष्यस्वभावावर पुस्तक लिहिलं. राज्यशास्त्राचे पंडित माणसाला फार हिशेबी समजतात, मत देणारा पुष्कळदा उपजत ओढीनंच चालतो, ही त्याची तक्रार. गृहस्थ स्वतः निवडणुका लढवलेला होता, त्यामुळे तक्रारीत अनुभव आहे. पुढे 1916 मध्ये विल्फ्रेड ट्रॉटर या शस्त्रवैद्यानं कळपाच्या वृत्तीवर लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की आपण चारचौघांसारखं वागतो आणि कारणं मागाहून शोधतो. (पाहुण्यांचं कारण त्याला फार आवडलं असतं.)

इंदूरनं या दोघांना न वाचताच कामाला लावलं. 2017 पासून स्वच्छ सर्वेक्षणात हे शहर पहिलं येत राहिलं, तेव्हा बाहेरच्यांना वाटलं, इथले लोक एकाएकी सुधारले. दारोदार कचरागाडी फिरली, दंड झाले, सफाई कामगार रात्र-रात्र राबले, हे तर आहेच. पण रस्त्यावरच्या माणसाचं पाहा. चिप्सचं रिकामं पाकीट टाकायला हात सैल होतो, नजर आजूबाजूला जाते, जमिनीवर दुसरं एकही पाकीट दिसत नाही आणि मूठ परत आवळली जाते. पूर्वी ढीग दिसायचा, म्हणून टाकायचा. आता दिसत नाही, म्हणून खिशात घालतो. माणूस तोच. शहराची हद्द ओलांडल्यावर त्या मुठीचं काय होतं, हा प्रश्न मी आमच्या नातेवाइकांत तरी विचारत नाही.

हीच वृत्ती 22 मार्च 2020 ला अंगाशी आली. करोनासाठी पुकारलेला जनता कर्फ्यू दिवसभर शिस्तीत पाळला, संध्याकाळी पाचला थाळ्या वाजल्या, आणि मग लोक झेंडे घेऊन, शंख फुंकत राजवाड्यावर जमले! क्रिकेटचा सामना जिंकला की इंदूरकर राजवाड्यावर जातो. आनंद झाला की पाय तिकडेच वळतात. घरात बसण्याचा उत्सव साजरा करायला घराबाहेर पडलेलं आमचं हे बहुधा एकमेव गाव नसेल, पण गाजलं आमचंच. ट्रॉटर हयात असता तर तिकीट काढून आला असता.

म्हणून 2024 च्या लोकसभेला इंदूरच्या 'छप्पन दुकान' या खाऊगल्लीतल्या दुकानदारांनी मतदारांसमोर लोकशाहीवर व्याख्यान ठेवलं नाही, ते मला शहाणपणाचं वाटतं. सकाळी लवकर मत द्या, बोटाची शाई दाखवा आणि पोहे-जिलबी फुकट खा, असं त्यांनी जाहीर केलं. वाफेवरचे पोहे, वर शेव, जिरावन. कर्तव्याची हाक ऐकू न येणाऱ्या कानांना हा निरोप बरोबर पोचतो.

त्या निवडणुकीत काँग्रेसच्या उमेदवारानं ऐनवेळी अर्ज मागे घेतला होता. पक्षानं लोकांना 'नोटा' दाबायला सांगितलं, आणि 2,18,674 जणांनी ते दाबलं; देशात तोवर कुठल्याच मतदारसंघात एवढा 'नोटा' पडला नव्हता. हा विचार होता, राग होता की पुन्हा कळपच, यावर आमच्याकडे अजून वाद होतात. भाजपवाले म्हणतात कळप, काँग्रेसवाले म्हणतात विचार. छप्पनवर त्या सकाळी कुणी हा वाद घातला नाही. दुकानदार बोट बघत होता. बटण कुठलं दाबलं, हे विचारायला त्याला फुरसत नव्हती.